उमेदवाराच्या वेबसाइटवर माझं नाव

विधानसभेच्या निवडणुकीआधी आमच्या हिंगोलीच्या कॉलेजात एक काम निघालं. जिल्ह्यातल्या उमेदवारांच्या वेबसाइटी तपासायच्या. मतदाराला त्यावर प्रश्न विचारता येतो का, विचारला तर उत्तर येतं का, हे पाहायचं. मी राज्यशास्त्र शिकवते म्हणून ते माझ्याकडे आलं. सोबतीला मराठीचे सर होते, बंजारा तांड्यावरून रोज मोटारसायकलीनं येणारे.

बहुतेक वेबसाइटी म्हणजे नुसती पोस्टरं. कुठलंही बटण दाबा, हात जोडलेला तोच फोटो. एकीवर मात्र ‘आपली समस्या सांगा’ असा फॉर्म होता. नाव, गाव, मोबाइल नंबर.

"मी तांड्याच्या रस्त्याचं खरंच लिहितो," सर म्हणाले.

मी लिहिलं, वसमतची सकाळची एसटी आमच्या थांब्यावर थांबत नाही. मिनिटभरात उत्तर आलं, ‘आपल्या समस्येची दखल घेतली आहे.’ सरांनाही शब्दन् शब्द तेच.

तिसऱ्या दिवशी त्या उमेदवाराच्या प्रचारातल्या एका बाईचा फोन आला. "ताई, तुमच्या घरी चार मतं हायेत ना?" चारच होती. तिनं सासूबाईंचं नावही घेतलं. ते तर मी कुठंच लिहिलं नव्हतं! सर आमच्या घरी येऊन गेले होते, एवढंच मला आठवलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी विचारलं, "सर, माझ्या घरची माहिती तुम्ही कुणाला दिली का?"

त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "मी काहून देऊ, मॅडम? मतदार यादीत सगळंच असतं."

मला पटलं नाही. दोन दिवस आम्ही एकाच खोलीत वेगवेगळ्या टेबलांवर काम केलं. मग त्याच वेबसाइटवर एक पान उघडलं, ‘आमचे समर्थक’. त्यात माझं नाव, आणि खाली तांड्यासकट सरांचं. सासूबाईंचं नाव यांनी यादीतूनच काढलं असणार, हे मला कळलं, आणि मी स्क्रीन सरांकडे वळवली.

"रस्ता जोडला न्हाई, मला मात्र जोडून घेतलं," ते म्हणाले. हसले नाहीत.

आम्ही दोघं उमेदवाराच्या कचेरीत गेलो. टेबलामागचा माणूस म्हणाला, "तकलीफ काय हाये, ताई? नाव चांगल्याच ठिकाणी हाये की."

मी हटले नाही, तेव्हा त्यानं दोन्ही नावं काढली.

"आणि आमचे नंबर?"

"त्याचं आमाला न्हाई माहीत. वेबसाइट पुण्याची माणसं पाहून राहिली."

बाहेर आल्यावर मी सरांची माफी मागितली. "तुमी मला एकट्यात विचारायचं होतं," एवढंच ते बोलले. आमच्या घरी कॉलेजातले बाकीचेही येऊन गेले होते, संशय मात्र मी तांड्यावरच्या सरांवरच घेतला होता.

अहवालात आम्ही त्या वेबसाइटला सगळ्यांत कमी गुण दिले. फोन मात्र प्रचार संपेपर्यंत येत राहिले. दर वेळी मी त्या बाईला आधी तिचं नाव विचारायचे. तिनं ते एकदाही सांगितलं नाही.