थोरलीचे दिवे

माझे वडील गाडीचं बॉनेट उघडायचे आणि म्हणायचे, "शी!"

आधी शी, बाकीचं सगळं नंतर. गिऱ्हाइकाला 'या, बसा'सुद्धा त्यानंतर. आमच्या गॅरेजांच्या रांगेत त्यांना पाठीमागे शीमास्तर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना अभिमानच वाटायचा.

नाक मला त्यांचंच मिळालंय, म्हणून त्या शीला मी खोटं म्हणत नाही. जुन्या गाडीचं वायरिंग ही ओकारी यावी अशीच चीज असते. चाळीस वर्षांत दहा जणांनी त्यात हात घातलेला असतो. कुणी घराच्या घंटीची वायर घुसडलेली, कुणी जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली, फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणी त्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबलेली. त्यावर उंदराच्या लेंड्या, वितळलेल्या रबराचा काळा लगदा आणि त्या लगद्यात अडकून वाळलेलं झुरळ. बोट घातलं की ते सगळं नखात जातं आणि दुपारी डबा उघडला की घासाला त्याचा वास येतो. बाबा दोन साबणांनी हात धुवायचे, हुंगायचे, पुन्हा धुवायचे. आई म्हणायची, "अहो, कातडं निघेल आता."

रांगेत बाबांचं शी म्हणजे निकाल होता. ते ज्याच्या कामाला शी म्हणाले, त्याच्याकडे जुन्या गाड्या जायच्या बंद होत. एकाला तर वायरिंगचं काम सोडून टायरच्या धंद्यात जावं लागलं. एकदा म्हटलेलं शी त्यांनी कधी मागे घेतलं नाही. आणि शाबासकी तर त्यांच्याकडे नव्हतीच. तुमचं काम त्यांनी हातात घेतलं, त्यावरून बोटं फिरवली आणि ते गप्प राहिले, की तीच शाबासकी समजायची. चौदा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि चौदा वर्षं ते गप्प राहिले. त्या जोरावर मी तीन गाळे सोडून माझं दुकान टाकलं.

आता थोरलीबद्दल सांगते. थोरली म्हणजे बाबांची चॉकलेटी गाडी. माझ्या जन्माच्या आधी त्यांनी ती भंगारातून उचलली आणि स्वतःच्या हातानं उभी केली. आई तिला थोरली म्हणायची. मग मी आपसूकच धाकटी झाले. बाबांनी रागाच्या भरात मला काय काय ऐकवलं असेल, पण थोरलीचा दरवाजासुद्धा त्यांनी कधी जोरात आपटला नाही.

गेल्या वर्षी त्यांनी एक भुणभुण सुरू केली. थोरलीचे दिवे मंद झाले, संध्याकाळी रस्ताच दिसत नाही. आई पलीकडून म्हणायची, "यांना सगळंच मंद दिसतंय. घरातली ट्यूब तीनदा बदलली." आम्ही दोघी हसायचो. ते हसणं आठवलं की मला आता स्वतःलाच दोन लगावून द्याव्याशा वाटतात.

दिव्यांबद्दल त्यांचं तेव्हा निम्मं तरी खरं होतं. त्या काळच्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या बटणातून फिरून येतो. वायर बारीक, वाट लांब. बॅटरीतून साडेतेरा व्होल्ट निघाले तर दिव्यापर्यंत जेमतेम अकरा पोचतात. बाकीचे वाटेत वायर आणि बटण तापवण्यात जातात. त्यावर उपाय रिलेचा. रिले म्हणजे विजेवर चालणारं छोटं बटण. डॅशबोर्डच्या बटणानं फक्त त्याला इशारा द्यायचा. मग रिले बॅटरीचा करंट जाड वायरीतून थेट दिव्यांना सोडतो.

ते एका लग्नाच्या कामात अडकलेले असताना मी थोरली माझ्या दुकानात आणली आणि तीन दिवस खपले. चार रिले, नवे बल्ब, प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज, प्रत्येक जोड दाबून, कथलाचा डाग देऊन, वर रबरी नळी चढवून. इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर तेरा पॉइंट सहा, दोन्ही दिव्यांवर तेरा पॉइंट तीन. पांढऱ्या पट्टीवर हे आकडे लिहून मी पट्टी बॉनेटच्या आतून चिकटवली. इतकं स्वच्छ काम मी त्याआधी केलेलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा आले. थोरली भिंतीसमोर उभी करून मी दिवे लावले. शेजारचा कुशनवाला, जो गेली वीस वर्षं गाड्यांच्या सीट शिवतोय, तो सुई हातात धरूनच बघायला आला. रांगेतले आणखी चारपाच जण जमले.

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. डोळे बारीक केले.

"शी!"

मला वाटलं, भिंतीला म्हणाले.

"पिवळं धमक! रॉकेलचा कंदील बरा याच्यापेक्षा. हेच शिकलीस माझ्याकडे?" त्यांनी पट्टी वाचली नाही. बॉनेट उघडलं, कटर काढला आणि माझं वायरिंग कचाकच कापून माझ्याच पायरीवर फेकलं. "ही घाण थोरलीच्या अंगावर नको मला."

बोलले असते तर रडले असते, आणि रांगेत रडणाऱ्या बाईकडे गाडी कोण आणणार? पण त्या माणसाची मला इतकी शिसारी आली, की आठवडाभर त्याच्या घरचा चहासुद्धा मला गेला नाही. सगळ्या जगाच्या कामावर यांनी नाकानं कांदे सोलायचे, आणि पोटच्या पोरीच्या कामावर मीटर लावायची तसदी नाही! पंधरा दिवसांत दोन गिऱ्हाइकं गाड्या परत घेऊन गेली. एकानं तर तोंडावर सांगितलं, "मास्तर शी म्हणाले म्हणजे विषय संपला, ताई." विषय म्हणजे माझं दुकान. कापलेल्या वायरींचं गठुळं मात्र मी टाकलं नाही. खिळ्याला लटकवून ठेवलं आणि रोज सकाळी शटर वर करताना त्याच्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

बाबांनी थोरलीचं सगळं वायरिंग स्वतः नव्यानं केलं. आठ दिवस लागले. मग रांगेला बोलावणं गेलं, या, काम कसं असतं ते बघा. मीही गेले. कुठल्या तोंडानं गेले ते विचारू नका.

दिवे लागले. भिंत लखलखीत पांढरी झाली. कुशनवाल्यानं तर डोळ्यांवर हात धरला.

बाबा भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शी! पुन्हा तेच." आणि माझ्याकडे वळले. "बल्ब तू घातलेस ना? बल्बच टाकाऊ आहेत तुझे."

"मीटर लावा," मी म्हटलं.

त्यांनी आपला काट्याचा जुना मीटर आणला. इंजिन चालू होतं. तारा दिव्याला लावून ते मीटरवर इतके वाकले, की नाक काचेला टेकलं.

"अकरा," ते म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यामागेच उभी होते. काटा तेराच्या पुढे होता.

त्या क्षणी मला आनंद झाला. लपवत नाही. चांगला पोटभर आनंद झाला, आणि त्या आनंदाची आजही मला किळस येते. कारण लगेच पुढचं कळलं. मी अकरा म्हटलं तर माझं दुकान बुडणार. मी तेरा म्हटलं तर ज्याला मीटर वाचता येत नाही तो शीमास्तर कसला, हे आख्ख्या रांगेला कळणार.

"परत बघा, बाबा."

ते परत वाकले. काच सदऱ्याच्या टोकानं पुसली. मग मान वळवून त्यांनी हळूच विचारलं, "काय गं, अकराच आहे ना?"

इतक्या वर्षांत स्वतःच्या कामाबद्दल त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मीटरचं खोटं सांगायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं.

"तेरा," मी म्हटलं. "तेराच्या वर."

माझा आवाज लहानच होता, पण रांगेत लहान आवाज अशी गोष्ट नसते. बाबांनी मीटर कुशनवाल्यापुढे धरला.

"तेरा आणि थोडं," कुशनवाला म्हणाला. मग चाचरत, "मास्तर, मोतीबिंदू असेल हो. माझ्या सासूलाही सगळं पिवळं दिसायचं. काढला की झालं."

बाबांनी दिवे बंद केले, इंजिन बंद केलं आणि स्टुलावर बसले. "म्हणजे ती ट्यूब…" एवढंच म्हणाले आणि थांबले.

"तुझ्या पट्टीवर किती होतं?"

"तेरा पॉइंट तीन."

"ते गठुळं टाकलंस?"

"नाही."

"आण."

मी खिळ्यावरून गठुळं काढून आणलं आणि त्यांच्या मांडीवर जवळजवळ आपटलंच. त्यांनी डोळे मिटले. वायरीचं एक टोक धरलं आणि ती बोटांतून सरकवायला सुरुवात केली. प्रत्येक जोडापाशी अंगठा थांबायचा, नखानं नळी चाचपायचा, ओढून बघायचा, पुढे जायचा. पहिला रिले. दुसरा. फ्यूजची पेटी. सगळी रांग उभी होती आणि ते गप्प होते.

मग त्यांची बोटं कटरनं तोडलेल्या टोकापाशी आली. तारा विस्कटलेल्या, वरचं रबर फाटलेलं. ते तिथेच थांबले.

"शी!" ते म्हणाले. शेवटच्या गाळ्यापर्यंत ऐकू गेलं.

"काय झालं, मास्तर?" कुशनवाल्यानं विचारलं.

"काम स्वच्छ आहे," बाबा म्हणाले. "कापणाऱ्यानं घाण केलीय."