अकरा कॅसेटी आणि एक पडीकुं

देवाला मी हात जोडतो, तेही आई शेजारी उभी असेल तर. भूतखेत, करणी, अंगात येणं, यातलं काहीही मी कधी मानलं नाही. माझा धंदाच तसा... टीव्ही दुरुस्तीचा. पडद्यावर एका माणसाच्या दोन आकृत्या दिसायला लागल्या की मी गच्चीत जाऊन अँटेना फिरवतो, विषय संपला. तेव्हा पुढचं वाचताना हा माणूस भोळसट आहे असं समजू नका. आणि घाबरायची तयारीही ठेवू नका. यात पैंजण वाजत नाहीत, पांढऱ्या साडीत कोणी येत नाही. उलट हे सगळं आठवलं की मला अजून हुश्श वाटतं. का, ते सांगतो.

गाव सुरत. काळ १९९७ च्या पावसाळ्यापासून ९८ च्या उतराणीपर्यंत, उतराण म्हणजे आपली संक्रांत. आम्ही मूळचे शिरपूरकडचे. वडील लूमवर, आई घरबसल्या साड्यांचे धागे कापायची, आणि राहायला नवागामात दीड खोली. मी कतारगामला एका टीव्हीच्या दुकानात कामाला होतो. रोज लुना दामटत जायचं, दामटत यायचं.

मला एक नाद होता. टीव्हीला जोडून खेळायची जुनी गेम मशीन आणि त्यांच्या कॅसेटी गोळा करायचा. खरा शब्द कार्ट्रिज, पण आमच्याकडे सगळे कॅसेटच म्हणत. नवी स्वस्त मशीन घरोघर आली तशी लोकांनी जुन्या कॅसेटी भंगारात काढल्या, आणि मी त्या उचलायला लागलो. पट्टीवरचा काळपट थर खोडरबराने घासायचा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, स्क्रू उघडून आतली बुरशी काढायची आणि वहीत लिहून ठेवायचं... कुठली, कोणाकडून आली, चालते की नाही. कॅसेटीत फुंकर मारणाऱ्यांचा मला भयंकर राग. थुंकी उडते आणि पट्टी गंजते, पण ऐकतो कोण! आई तिच्या अहिराणीत म्हणायची, "लोकेस्ना पोऱ्या पोरी दखतस, मन्हा डबडा गोया करस."

आमच्या दुकानामागच्या गल्लीत जशुमासी राहायच्या. त्यांचे यजमान कांतिकाका आयुष्यभर घंटीवर बसले, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर. काका आदल्याच वर्षी गेले होते. जुलैत एका दुपारी मासी पत्र्याची छोटी पेटी छातीशी धरून दुकानात आल्या. आत अकरा कॅसेटी, आणि सोबतच्या पिशवीत एक मशीन. मोंबासाला असलेल्या त्यांच्या भावाने फार पूर्वी पाठवलेलं. पुढे लाकडासारखी पट्टी, दोन गोल मुठी. असलं मशीन मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही कधी पाहिलं नाही.

"दीकरा, यात एक कॅसेट कंपनीची नाही," मासी म्हणाल्या. "मारा भरतनी छे. त्याने स्वतः बनवली."

मला आधी खरं वाटेना. मग कळलं, त्यांचा मुलगा भरत मुंबईत एका कारखान्यात चिपांवर प्रोग्रॅम भरायचं काम शिकला होता. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःचा गेम लिहिला, चिपमध्ये भरला, जुन्या कॅसेटीच्या पोटात बसवला आणि मोठ्या हौसेने वडिलांना दाखवायला आणला. काकांना तो घंटीवर बसायला हवा होता. त्या दिवशी काका नको ते बोलले. आठवड्याच्या आत भरत मामाकडे मोंबासाला निघून गेला, आणि बाप-लेक पुढे नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. काका गेले तेव्हाही तो आला नव्हता.

"आता उतराणला येतोय," मासी म्हणाल्या. "त्याला वाटतं, पप्पांनी ती कॅसेट उकिरड्यावर फेकली. फोनवर मी शंभर वेळा सांगितलं की नाही फेकली रे, दर दिवाळीला पेटी उघडून बघायचे. त्याला पटत नाही. म्हणतो, मम्मी तू मला बरं वाटावं म्हणून बोलते. आता तूच एक वार टीव्हीवर चालू करून त्याला दाखव, दीकरा, बस."

"पण यातली कुठली?"

"ए तो तारा काका जाणे," मासी म्हणाल्या. "साचवजे, दीकरा."

साचवजे, म्हणजे जपून ठेव. मी छाती फुगवून हो म्हटलं. जपायचं तर माझ्याइतकं कोण जपणार?

दुकान गळत होतं म्हणून पेटी घरी नेली. कॅसेटींवरची लेबलं ओलीने कधीच गळून गेलेली, सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. दहा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. एक तेवढी पांढऱ्या कागदाच्या घडीत होती. हिरे ठेवायला कारागीर कागदाची जी चपटी पुडी घालतात ना, पडीकुं म्हणतात तिला, तसली. मी पाहिली, आणि डोक्यात काही म्हणता काही आलं नाही! कतारगामात लोक सुपारीसुद्धा तशीच बांधतात. कागद पिवळा पडलेला, एक कोपरा झुरळांनी खाल्लेला. मी सगळे कागद उतरवले आणि आईकडे दिले, आईने ते आंघोळीच्या पाण्याखाली चुलीत सारले. पडीक्यातली कॅसेट बाकीच्या दहांत मिसळून गेली.

मग मी त्या अकराच्या अकरा झगझगीत साडीच्या तुकड्यांत बांधल्या. सुरतेत दुसरं काही मिळो न मिळो, पॉलिस्टरचे तुकडे फुकट मिळतात. लाल, हिरवे, मोरपंखी... पेटी रुखवतासारखी सजली. कुलूप लावलं, किल्ली लुनाच्या किल्लीबरोबर कडीत अडकवली आणि पेटी खाटेखाली सरकवली. सहा महिने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

उतराणीच्या आधीचा रविवार. भरदुपार होती, बाहेर पोरं मांज्यावरून भांडत होती, हवा कोरडी ठणठणीत. भरत आल्यावर फजिती नको म्हणून मी मशीन टीव्हीला जोडलं आणि पेटी उघडली. पहिल्या कॅसेटीवरचं कापड ओढलं तसं ते चरचरलं, पट्टीला बोट लागलं आणि चट्कन चटका बसला. कॅसेट लावली, पडद्यावर नुसत्या मुंग्या. दुसरी काढली. चरचर, चटका, मुंग्या. तिसरी चालली, विमानाचा कसलातरी गेम होता. चौथी पुन्हा मेलेली. जुलैत मी यातली एकही लावून बघितली नव्हती, पण पट्ट्या अशा स्वच्छ होत्या की चालायलाच हव्या होत्या.

आई दाराशी साडीचे धागे कापत बसली होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय व्हयनं रे?"

मी चटक्याचं सांगितलं तर ती हसलीच. "हाई कापड हिवायामा चटका देसच. मन्हा हातवरना केस हुभा ऱ्हातस. आते समजनं का तुले?"

आणि मग मला समजलं. त्या चटक्यानेच चिप मरते! दुकानात आम्ही उघड्या चिपला हात लावण्याआधी लोखंडी पाइपाला हात लावतो, नव्या पोरांना मीच तो धडा देतो. आणि इथे मीच अकरा कॅसेटी पॉलिस्टरमध्ये बांधून ठेवल्या होत्या. जन्मभर ज्या कापडात वावरलो त्याच्यावर संशय कोण घेतो? तीन मेल्या होत्या. त्यात भरतची असेल तर? दुसरी प्रत जगात कुठेच नाही. तीन दिवसांनी मासी त्याला माझ्यासमोर आणून बसवणार आणि मी काय दाखवणार... मुंग्या? त्याला तर कायमचं पटणार, की आईने खोटं सांगितलं. मी खरंच रडायच्या बेतात होतो.

आईने उठून फरशीवर पाणी शिंपडलं. हिवाळ्यात ताण्याचे धागे अंगाला चिकटायला लागले की लूमवर असंच करतात. "हात ओला कर, मंग काढ," ती म्हणाली. मी हात ओले केले, कोरड्या फडक्याने टिपले, नळाला धरून उभा राहिलो आणि मग पेटीत हात घातला.

पेटीत सात शिल्लक हव्या होत्या. सातच होत्या. पण रंगीत गाठोडी सहाच.

तळाशी एक मोरपंखी तुकडा चार घड्या घालून नीट ठेवला होता, आणि त्याच्यावर एक पांढरं पडीकुं.

मी ते बाहेर काढलं. नवा कोरा कागद, आतून निळसर अस्तराचा, हिऱ्यांच्या बाजारात मिळतो तो. घड्या अशा धारदार की नखाने ओढल्या असाव्यात. जुना पिवळा कागद चुलीत गेलेला मी स्वतः पाहिला होता. आणि मी तर कॅसेट साडीच्या तुकड्यात बांधली होती, अकराच्या अकरा, माझ्या हाताने.

"आई, पेटी कोणी उघडली होती?"

"मी त्या पेटीले हातबी लावा नही रे, भो! किल्ली कोनजोडे शे?"

किल्ली माझ्याकडेच होती. दुसरी किल्ली नव्हती. वडिलांना विचारलं, तर त्यांना पडीकुं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मासींनी आमचं नवागामचं घर पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

घडी उलगडली. कापड नाही, चरचर नाही, चटका नाही. कॅसेट लावली, बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. हो, मी! आईने खांदा हलवला तेव्हा उघडले.

पडद्यावर स्टुलावर बसलेला एक चौकोनी माणूस होता. त्याच्यासमोर गोल फिरणारं चाक. वरून चमचमते हिरे पडत होते आणि मूठ फिरवली की तो माणूस ते झेलत होता. वरच्या कोपऱ्यात वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं... पप्पा.

मी फतकल मारून खाली बसलो, ओल्या फरशीवरच. इतकं हलकं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. कॅसेट पडीक्यात कशी आली हा प्रश्न रात्री जेवताना पुन्हा आठवला, तोवर नुसता आनंदच चालला होता.

उतराणीला मी मासींकडे गेलो. भरत माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, केस विरळ झालेले, खुर्चीच्या काठावर पाहुण्यासारखा बसलेला. मी आधी सगळा गुन्हा कबूल केला. साडीचे तुकडे, तीन मेलेल्या कॅसेटी, चुलीत गेलेले कागद, काहीही लपवलं नाही. मग त्याच्या हातात पडीकुं ठेवलं.

त्याने कॅसेट काढलीच नाही. कागद उजेडात धरून फिरवत राहिला. शेवटची दुमड जिथे आत खोचतात तिथे त्याचं बोट थांबलं.

"सगळे कारागीर उजवीकडून खोचतात," तो हळूच म्हणाला. "पप्पा डाबोडी हता." डाबोडी म्हणजे डावखुरे. ती दुमड डावीकडून खोचलेली होती.

मग त्याने, त्या दिवशी काका काय बोलले होते, ते सांगितलं. गेम बघून काकांनी कॅसेट त्याच्यासमोर टाकली होती आणि म्हणाले होते, "आ तो कांकरो छे. कांकरा पडीकामां न मुकाय." हा खडा आहे, खडे पडीक्यात ठेवत नसतात. दहा-अकरा वर्षं भरत ते एक वाक्य घेऊन मोंबासात राहिला होता.

मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. म्हणजे जुलैत मी नुसता कागद नाही, काकांचं उत्तरच चुलीत घातलं होतं. ते परत मिळालं नसतं तर कॅसेट चालूनही उपयोग नव्हता. भरत म्हणाला असता, चालते, पण पडलेली असेल कुठेतरी अडगळीत.

भरतने पडीकुं जपून उलगडलं आणि कॅसेट बाहेर काढली. मासी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. नंतर तो खेळायला बसला तो असा की वर गच्चीतून पतंगासाठी हाका आल्या तरी उठेना. जाण्याआधी त्याने त्या चिपमधलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, त्याची एक प्रत माझ्याकडे आहे. कागद मासींनी देव्हाऱ्यात ठेवला.

यावर मी खूप डोकं खाजवलंय. मीच झोपेत केलं म्हणावं, तर मला ती घडी येत नाही. पुढे कतारगामच्या एका कारागिराकडून मुद्दाम शिकलो, तर उजवीकडूनच जमते, डावीकडून घातली की कोपरा बाहेर येतो. कोणी चोरून केलं म्हणावं, तर सारख्या दिसणाऱ्या अकरांतून नेमकी तीच त्याला कळली कशी? त्या तीन मेलेल्या कॅसेटी अजून माझ्याकडे आहेत, आता सुती धोतराच्या तुकड्यात. त्यांना कोणी वाचवलं नाही. बाकीच्या दहांचं काकांना काही पडलेलं नव्हतं, हे उघड आहे.

त्या दिवशी मासी उंधियू वाढत असताना मी विचारलं होतं, "मासी, ही घडी कोणी घातली असेल?"

मासींनी माझ्याकडे असं पाहिलं, की टीव्हीवाला असून याला एवढंही कळू नये.

"तारा काकाए ज वाळ्युं होय ने," त्या म्हणाल्या. "बीजुं कोण वाळे?" आणि माझ्या ताटात आणखी एक जिलेबी टाकून त्या भरतला वाढायला वळल्या.