चिकूवरची वटवाघळं

पाम गावात आम्ही भाड्याने राहतो, त्या घराच्या मालकीणबाईंना मी काकू म्हणतो. परसात त्यांचं चिकूचं झाड आहे आणि दिवेलागणीला त्यावर वटवाघळं येतात. त्यांना हाकलायला काकूंनी फांदीला पत्र्याचा डबा टांगून दोरी थेट ओट्यापर्यंत आणली आहे. बोलता बोलता त्या दोरीला हिसका देतात आणि खडखडाटाच्या वर आवाज चढवून ओरडतात, "मेल्यांनो, तुमच्या बापानं लावलाय काय?" मग माझ्याकडे वळून भलतीच गोष्ट सुरू करतात.

आमच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीला दवाखान्यातून घरी आणलं, त्यानंतर डबा वाजेनासा झाला. सकाळी झाडाखाली अर्धवट खाल्लेले चिकू पडलेले असायचे. दोरी तुटली असेल असं वाटून मी नवी बांधून देतो म्हणालो.

"दोरी चांगली हाय," काकू म्हणाल्या. "पोर झोपते ना त्या येळेला."

त्याच दिवशी संध्याकाळी मी खिडकीतून पाहिलं. काकू झाडाखाली उभ्या होत्या आणि लांब काठीला बांधलेलं जुनं पातळ फांद्यांमधून फिरवत होत्या. वटवाघळं उडत होती आणि पुन्हा येऊन बसत होती. काकूंचे ओठ भराभर हलत होते, पण आवाज अजिबात नव्हता.

मुलगी तेव्हा जागीच होती. तिला घेऊन मी परसात गेलो.

"काकू, जागी आहे ती."

"आदी नाय सांगायचं?" म्हणत त्यांनी काठी टाकली आणि झाडाकडे तोंड करून मोठ्याने सुरुवात केली.