कप्तानाच्या यादीतला सुतार

साताऱ्यात घरी बसून मी आयर्लंडच्या एका बंदरातले जुने कागद टाइप करते. दीडेकशे वर्षांपूर्वी तिथून शिडाची व्यापारी जहाजं निघायची. दर फेरीला कप्तान माणसांची यादी लिहायचा: नाव, वय, काम आणि तो परत आला की नाही. तिथल्या संग्रहालयाकडून त्या पानांचे फोटो येतात, मी ते वाचून तक्त्यात भरते.

माझे सासरे, आबा, फौजेतले निवृत्त सुभेदार, मूळचे कोरेगावकडचे. इंग्रजी बेताचंच, पण अक्षर लावायची भारी हौस. खुर्ची ओढून शेजारी बसायचे. एका कप्तानाचं अक्षर तर त्यांच्या चांगलंच ओळखीचं झालं होतं. "ह्यो गडी लय शिस्तीचा हाय," म्हणायचे. "एक माणूस सोडत न्हाई."

त्याच कप्तानाच्या एका पानावर जहाजावरचा सुतार लाटेबरोबर वाहून गेल्याची नोंद होती. नावावरची शाई मात्र फुटली होती.

"पोरी, दुपारपतोर थांब," आबा म्हणाले. "मागच्या फेऱ्यांत असंल त्यो. ताडून बघतो."

मी त्यांना जुनी पानं छापून दिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांगलीला, माहेरी भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं, बॅग तशीच पडली होती. आबा आंघोळीला गेले तेवढ्यात मी नावाच्या जागी 'वाचता येत नाही' असं भरलं आणि काम पाठवून दिलं.

दुपारी ते वही घेऊन आले. एकेक अक्षर जुळवून त्यांनी नाव काढलं होतं.

"घालशील न्हवं?"

"घातलं की, आबा," मी वहीत बघून म्हणाले.

खरं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. संध्याकाळी ते फिरायला गेले आणि सोबतच्या म्हाताऱ्यांना त्या सुताराची गोष्ट सांगून आले.

काही महिन्यांनी संग्रहालयाचा मेल आला. तिथली एक बाई आपल्या खापरपणजोबांना शोधत होती. ते सुतार होते, या कप्तानाबरोबर गेले ते परतले नाहीत, आणि यादीत त्यांचं नाव सापडत नव्हतं. मी आबांची वही काढली. नाव तेच होतं.

मी संग्रहालयाला सगळं कळवलं. आठवड्यात दुरुस्ती झाली. त्या बाईने माझ्या सासऱ्यांचे आभार मानले होते, म्हणून मला आबांना सांगणं भाग पडलं. ती वेळ आली नसती तर मी बोलले असते का, हे अजून छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

"म्हंजे तवा घातलंच नव्हतंस," ते म्हणाले.

"नाही."

"सांगायचं हुतंस. दुसऱ्यांदा पाठवलं असतं की." एवढंच बोलून ते उठले.

ते अजूनही नावं लावून देतात. पण आता खुर्चीत बसत नाहीत. मी नाव टाइप करून पाठवेपर्यंत मागे उभे राहतात आणि मग आत जातात.