मावशींचं बदक

आभाळात पाखरांची रांग दिसली की मासळीवाल्या मावशी हातातला तराजू तसाच अधांतरी धरायच्या. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात चिलापी मासे, समोर आम्ही घाईतली गिऱ्हाइकं, आणि यांची मान वर. "थांबा वैनी, पाव्हणं चाललंत. जाऊ द्या त्येंस्नी." रांग उसाच्या शेंड्यांमागे गेली की मगच वजन पुरं व्हायचं.

लासुर्ण्याच्या बाजारात त्यांची पाटी ठरलेल्या जागी असे. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, तरी मी त्यांना अगं-तुगं करी. आज लिहिताना 'त्या' म्हणते आहे. तेवढीच सुधारणा.

त्यांची मासळी धरणाकडून टेंपोने येई. एकदा क्रेटमध्ये माशांखाली फाटक्या जाळ्यात गुरफटलेलं बदक निघालं. पंख मोडलेला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, आज चंगळ. शिजवा."

"माझ्याकडं डोळं लावून बसलंय ते, आन शिजवा म्हणं," मावशी म्हणाल्या. त्यांनी पदराची पट्टी फाडून पंख बांधला, भिजवलेली ज्वारी चार दिवस चारली आणि टेंपोवाल्याबरोबर त्याला धरणाच्या फुगवट्याकाठच्या पाणपक्षी केंद्रावर धाडलं. निरोप आला, बदक जगलं, पण आता उडायचं नाही, इथंच राहील. तेव्हापासून मावशी दर बाजाराला टेंपोवाल्याच्या हातात मूठभर ज्वारीची पुरचुंडी ठेवायच्या. "लेक दिलीया तिकडं," म्हणायच्या.

"मग जाऊन बघ की एकदा," मी म्हटलं.

"फाटकावर साहेब इचारंल, कोण गं तू? काय सांगू, बदकाची आय?"

त्या वर्षी मी महिला मंडळाची अध्यक्ष होते. तुमच्या गावातही अशी एक अध्यक्षीणबाई असेल, खुर्चीवर बसतानाही आधी फोटोग्राफर कुठे आहे ते बघणारी. संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी देवळात व्हायचं. मी फर्मान काढलं, यंदा पाणपक्षी केंद्रावर जायचं, तिथेच काठावर वाण लुटायचं. पेपरात फोटो येईल, हा आतला विचार. पाण्यातल्या पाखरांबद्दल माझं ज्ञान म्हणाल तर बगळा पांढरा असतो, एवढंच.

मग सहलीचा बेत मावशींच्या पाटीशेजारी बसून ठरला. "उजाडायच्या आत पोचा. लाल-पिवळं नगं, मातकट नेसा. मोबाईलवर गाणी लावायची न्हाईत. नावंत उभं ऱ्हायचं न्हाय." मी वहीत लिहून घेत होते. पाटी आवरता आवरता त्या हळूच म्हणाल्या, "वैनी, मी बी येऊ का? मंडळासंगं आलं म्हंजे फाटकावर कोन इचारायचं न्हाय."

"अगं, तुझ्याशिवाय सहल कसली?" मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, हे मुद्दाम सांगते.

मंडळाच्या बैठकीत सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "मावशींना न्यायला माझी ना न्हाय. पर काठावर समद्या एकमेकींना कुंकू लावणार, तवा त्येंचं काय करायचं? मालक जाऊन बारा वर्षं झाली त्येंचे."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. महिला दिनाला मी अर्धा तास भाषण ठोकलं होतं. 'त्यांनाही लावू' एवढं वाक्य त्या भाषणातच कुठेतरी होतं. ते मला आठवलं नाही. मी हुशारी केली. गाडी साडेपाचला निघणार होती, मावशींना सातची वेळ कळवली. नको म्हणायला नको, आणि गाडी चुकली तर त्यांचीच चुकली. अशी माझी अक्कल.

पण सातला निघून उजाडायच्या आत कसं पोचणार, हे मावशींना कळत होतं. वैनींचा सांगण्यात घोळ झाला असेल, असं समजून त्या पहाटेच येऊन फाट्यावर उभ्या राहिल्या. मातकट लुगडं, हातात ज्वारीची पुरचुंडी. गाडीचा उजेड अंगावर पडला तसा त्यांनी हात वर केला.

ड्रायव्हरने वेग कमी केला. "वैनी, मावशी उभ्या हायत. घ्यायचं न्हवं?"

"चला हो, उशीर होतोय. त्या मागनं येतील."

"मागनं काय येतंय एवढ्या पहाटं?" तो पुटपुटला आणि त्याने गिअर टाकला. मी दुसऱ्या खिडकीतून ऊस बघत बसले.

केंद्रावर आम्ही लाल-पिवळ्या जरीच्या साड्यांत उतरलो. कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं आणि सगळा थवा उठून पलीकडच्या काठाला जाऊन बसला. उरलं ते कुंपणातलं, उडता न येणारं एक बदक. तिथला राखणदार म्हणाला, "ह्याला हळदीकुंकू बदक म्हणत्यात. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपकं, बघा." बायका हरखल्या. माझा वाण देतानाचा फोटो त्याच्याजवळच निघाला. मग राखणदाराने विचारलं, "मासळीवाल्या मावशी कुठंयत? मला लई बघायचंय त्येंस्नी."

"त्यांना बरं नाही," मी म्हटलं.

पुढच्या बाजाराला मी पाटीपुढे उभी राहिले, ते मासळी हवी होती म्हणून. मावशीच म्हणाल्या, "गाडी दिसली मला. पर डायवरला मी दिसले नसंन. अंधार व्हता."

"हो ना गं. पुढच्या वर्षी नेते तुला. शब्द."

"लेक बरी हाय न्हवं?"

"मजेत आहे."

पुढच्या वर्षी सहल दुसरीकडे गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग एका पावसाळ्यात मावशी तापाने गेल्या. मला ते बाजारात वांगी घेताना कळलं.

आता आमचे हेही गेले. संक्रांतीला मंडळाचा निरोप येत नाही. आलाच तर गाडीची वेळ दोघींना विचारून खात्री करेन म्हणते.

या हिवाळ्यात मुलाला म्हटलं, मला केंद्रावर सोड. राखणदार तोच होता, केस पिकलेला. त्याने मला ओळखलं नाही. बदक कधीच मेलं होतं. मावशींचं नाव काढलं तशी त्याने मला बाकावर बसवलं आणि चहा आणला.

"किती निरोप धाडलं मी टेंपोवाल्यासंगं. मावशी, या, फाटकावर मी सोता उभा ऱ्हातो. त्येंचं एकच. वैनींनी शब्द दिलाय, त्येंच्या आधी गेले तर वैनींना वाईट वाटंल." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी बी तिकडच्याच. वळखता का त्या वैनींना?"

"ओळखते," मी म्हटलं. "मीच ती."

हातातला चहा माझ्या हातात न देता त्याने बाकाच्या कडेला ठेवला, वल्हं उचललं आणि नावेकडे निघून गेला.