पट्टा सोडलेली तोफ

माझ्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, नवऱ्याला फळबाजारात सगळे ‘तोफ’ म्हणतात. मी एरवी दाजी म्हणते, चिडवायचं असलं की मीही तोफच म्हणते. दाजी ओट्यावर उभं राहून लिलाव पुकारतात. उंच पत्र्याचं छप्पर, पेट्यांच्या थप्प्या, हातगाड्यांचा खडखडाट, व्यापाऱ्यांचा कालवा, आणि त्या सगळ्यावरून एका माणसाचा आवाज पार मागच्या दारापर्यंत जायला हवा. माईक आमच्याकडे चालत नाही. एकदा लावून पाहिला होता, तर पत्र्यावर आदळून आवाज असा घुमला की कोणाचा माल कोणाच्या गाडीत गेला ते निस्तरता निस्तरता दुपार झाली. त्यामुळे आमच्या बाजाराला गळाच लागतो.

मी त्याच बाजारात वजनकाट्यावर बसते, म्हणजे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. ऐकीव काही नाही.

लिलावाचा नियम साधा. घेणाऱ्याने हात वर करायचा, पुकारणाऱ्याने ‘एक वार, दोन वार’ म्हणायचं, आणि ‘तीन वार’ सगळ्यांना ऐकू गेलं की माल त्याचा. ते ऐकू गेलं नाही तर बोली उघडीच. त्या सकाळी संत्र्यांची मोठी रास होती. दाजी ‘दोन वार’पर्यंत आले, आणि एकदम वाकले. पोटातलं आंबट पाणी घशाशी आलं होतं. ‘तीन’ म्हणायला तोंड उघडलं तर नुसती शिट्टी वाजल्यासारखी हवा बाहेर पडली. तेवढ्यात मागून दुसऱ्याने हात वर केला. मग काय, दोन्ही व्यापारी बाह्या सरसावून ओट्यापाशी! रास पुन्हा पुकारावी लागली, आणि ती बाजार समितीच्या सभापतींनी स्वतः पुकारली, त्यांच्या त्या किनऱ्या आवाजात.

बाजार उठल्यावर सभापती दाजींजवळ आले. माणूस वाईट नाही, पण बोलायला रोखठोक.

“तोफ, नवा हंगाम सुरू व्हायच्या आत गळा नीट करा. नाही झाला तर ओट्यावर दुसरा माणूस उभा करावा लागेल मला.”

दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. ओटा गेला तर त्यांच्यापाशी उरतं काय? ह्या माणसाला दुसरं काही येत नाही. घरात साधा खिळा ठोकायचा तर आक्का मला हाक मारते.

जळजळ तशी जुनीच होती. छातीत आग, तोंडाला आंबट चव, सारखं घसा खाकरणं. आक्का म्हणायची, “घरात कोंबडा पाळलाय की नवरा तेच कळत नाही.” औषधं तर सगळा बाजार सांगायचा. एकाने थंड दूध सांगितलं, एकाने खायचा सोडा, एकाने केळं, आणि केळंवाल्याने अर्थातच डझनभर केळी. दाजींनी सगळं केलं. गोळ्याही होत्या, पण त्या आग झाली की तोंडात टाकायच्या, आग विझवायला पाणी मारावं तशा.

शेवटी आम्ही दोघी बहिणी त्यांना धरून पोटाच्या सर्जनबाईंकडे घेऊन गेलो. दुर्बीण घालून तपासणी झाली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज होती, तिथली झडप ढिली पडली होती, आणि घसाही वर येणाऱ्या आम्लाने लाल झाला होता. दाजी खुर्चीत बसले ते ठरवूनच.

“बाई, ऑपरेशन करून टाका. एकदाचा सोक्षमोक्ष.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “करता येतं. पोटाचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडप घट्ट करतो. छातीतली जळजळ बहुतेकांची जाते. आवाज मात्र परत येईलच, अशी खात्री मी देणार नाही. नंतर काही आठवडे पातळच खायचं, गिळायला त्रास होतो, ढेकर नीट येत नाही. काहींना पुढे पुन्हा गोळ्या लागतातच.”

“आणि नाही केलं तर?”

“तर गोळ्या नीट वेळेवर घ्यायच्या आणि राहणी बदलायची. सावकाश होतं, पण तुमच्या बाबतीत आधी तेच करून बघावं असं माझं मत.”

“सावकाश? हंगाम तोंडावर आलाय माझा!” दाजी खेकसायला गेले, पण आवाज फुटला आणि खोकलाच आला. आक्काचं म्हणणं, पोटाला सुरी लावायची नाही. माझं म्हणणं, लावा आणि मोकळे व्हा. बाईंच्या समोरच आमची जुंपली. बाईंनी आमच्याकडे दुर्लक्ष करून दाजींना टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. सदरा वर केला आणि त्या थांबल्या. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या चहूबाजूंनी, हातभर रुंद नसला तरी चांगला वीतभर लाल वळ होता.

“हे काय? तुम्ही तर म्हणालात, घट्ट कपडे घालत नाही.”

“नाहीच घालत. हा पट्ट्याचा आहे.”

“मग पट्टा घट्ट असतो ना?”

“पट्टा म्हणजे कपडा नव्हे, बाई. हत्यार आहे ते आमचं.”

खरंच सांगते, मलाही तोवर त्यात वावगं दिसलं नव्हतं. आमच्याकडे पुकारणारा ओट्यावर चढला की पोटाला चामड्याचा रुंद पट्टा बांधतो. दोन हमाल दोन बाजूंनी ओढतात, शेवटच्या भोकात अडकवतात. बांधल्या पोटातूनच आवाज निघतो, असं दाजींना पुकारायला शिकवणारे उस्ताद सांगून गेले आणि पट्टा देऊन गेले. रोज सकाळी मी ते काट्यावरून बघत होते, आणि रोग मात्र दुधात नि केळ्यात शोधत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. “पिशवीचं तोंड आधीच सैल,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही पिशवी मधोमध आवळताय. आतलं वर येणार नाही तर जाईल कुठे?” मग त्यांनी जेवणाचं विचारलं. पहाटेपासून दाजी कोऱ्या चहावर. भरल्या पोटी आवाज बसतो, ही आणखी एक बाजारची समजूत. घरी आले की डोंगराएवढं ताट, आणि ताटावरून उठले की थेट पलंगावर आडवे. बाईंनी कपाळाला हात लावला.

घरी येऊन दाजी दोन दिवस तो पट्टा मांडीवर घेऊन बसले. पट्ट्याशिवाय ओट्यावर जायचं म्हणजे त्यांच्या लेखी उघड्या अंगाने जायचं. आवाजच निघाला नाही तर? तिसऱ्या दिवशी आक्काला म्हणाले, “ऑपरेशन करून घ्यायचं आणि वरून पुन्हा पट्टा आवळायचा, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आधी पट्टा सोडून बघतो. जमलं नाही तर बाई आहेतच.”

मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

मग सुरू झाली साधना. गोळी जेवणाआधी अर्धा तास. ताट लहान, पण दिवसातून चार-पाचदा. जेवणानंतर आडवं व्हायचं नाही, म्हणून दाजी खुर्चीत बसून डुलक्या घ्यायचे आणि आक्का शेजारी पहारा द्यायची. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, तर आक्का रोज घसरून पायथ्याशी. “तुमचं पित्त खाली जायचं ते जाईल, मीच चाललेय खाली,” म्हणायची. सभापतींनी तोवर त्यांना फाटकावर गाड्या मोजायला बसवलं. तोफ दिवसभर मुकी. एका लग्नात मात्र जिभेवरचा ताबा सुटला, तिखटावर ताव मारला, आणि रात्र बसून काढली. दुसऱ्या दिवशी आक्काला दाखवायला तोंडच नव्हतं त्यांना.

पण खाकरणं कमी झालं, मग थांबलं. एका सकाळी दाजींनी न्हाणीघरातून आक्काला टॉवेल मागितला, तर खालच्या मजल्यावरच्या काकू टॉवेल घेऊन वर आल्या. मी तिथेच समजले. बाईंनी पुन्हा तपासलं. सूज उतरली होती. “ऑपरेशनची आज गरज दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “गोळ्या मी सांगेन तशा कमी करू. स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.”

हंगामाचा पहिला लिलाव. दाजी ओट्यावर चढले. हमाल सवयीने पुढे झाले, दाजींनी हातानेच नको म्हटलं. बाजारात कुजबुज. कोणीतरी म्हणालं, “आज तोफेला गाडाच नाही.” आक्का माझ्या काट्याला टेकून उभी होती, तिने वजनाचं माप उगाच घट्ट धरलं होतं. पहिल्या पेटीला दाजींचा आवाज जरा बिचकतच निघाला. मागच्या दारातून कोणी ओरडलं, “ऐकू येत नाही!”

दाजींनी डोळे मिटले, पोट मोकळं सोडलं. ते सुटलेलं पोट सगळ्या बाजाराने पाहिलं. त्यांनी खोल श्वास घेतला, पार बेंबीपर्यंत, आणि पुकारलं.

काय सांगू! छपरावरची कबुतरं उडाली. ‘तीन वार’ असा गेला की हातगाड्या जागच्या जागी थांबल्या. इतकी वर्षं आम्ही ज्याला तोफ म्हणत होतो तो अर्धाच आवाज होता. मी वजन करायचं सोडून रडत होते, आणि लाजले नाही. सगळा माल दाजींनी एकट्याने पुकारला, एकही बोली उघडी राहिली नाही.

सभापती ओट्यापाशी आले. “तोफ, ओटा तुमचा. मिटला विषय.”

“नाही मिटला,” दाजी म्हणाले. “उद्यापासून लिलावाच्या मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी पाहिजे मला.”

“अहो, काहीतरीच काय! बाजार कधी मध्ये थांबलाय का? व्यापारी ऐकतील?”

दाजींनी सभापतींशी वाद घातला नाही. ते बाजाराकडे वळले आणि त्याच नव्या, पोटभर आवाजात पुकारलं, “पहाटेपासून उपाशी कोण कोण आहे?”

इतके हात त्या दिवशी कोणत्याच मालाला वर झाले नव्हते. व्यापारी, हमाल, गाडीवाले, काट्यावरून मी. आणि सगळ्यात शेवटी, जरा ओशाळून, सभापतींचा.