एका पानाचा नियम

आमच्या शाळेच्या हस्तलिखितात प्रत्येकाला एकच पान, हा नियम माझाच. आमच्या धानपट्ट्यात, गोरेगाव तालुक्यातल्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला लागलो तेव्हा मोठ्या घरच्या पोराच्या तीन-तीन कविता आणि मजुराच्या पोरीला कोपऱ्यात चार ओळी, असा कारभार होता. मी तो बंद केला. सगळ्यांना एक पान, ना कमी ना जास्त. त्याचा मला इतका अभिमान की शाळेत पाहुणा आला की मी मुद्दाम विषय काढून सांगायचो.

त्या वर्षी नववीतल्या एका मुलीने चार पानांची गोष्ट आणून दिली. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ती आईबरोबर शेताच्या बांधीत असायची, त्यामुळे हजेरीत जुलैभर तिच्या नावापुढे फुल्या. तिच्या गोष्टीतल्या गावात हुकूम निघतो की सगळे सारखेच असले पाहिजेत. रोवणी सुरू झाली की एक साहेब बांधीवर येतो आणि जिचा हात चपळ तिची तीन बोटं सुतळीने बांधतो. गोष्टीतल्या आईचा हात गावात सगळ्यांत चपळ. हुकूम निघण्याआधी ती आपली पात उरकून शेजारच्या म्हातारीच्या पातीत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावू लागायची. आमच्याकडे बाया अजूनही तसंच करतात, त्याला कुणी उपकार म्हणत नाही. बोटं बांधल्यावर सगळ्यांच्या पाती सारख्याच मागे पडतात, आणि म्हातारीची तर अर्धी रिकामीच राहते. साहेब मात्र दुष्ट नाही. गाठ मारताना तो प्रेमाने विचारतो, "दुखत तर नाही ना?"

गोष्ट चांगली आहे हे पहिल्याच पानावर कळलं होतं, आणि भीती त्याचीच वाटत होती. प्रकाशन सव्वीस जानेवारीला. आम्ही रोज परिपाठात उद्देशिका म्हणतो, 'समानता' आली की पोरं घसा ताणतात, आणि इथे समानतेच्या नावाने बायांची बोटं बांधली जातायत! कुणीतरी पानाचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकेल. खाली चार जण विचारतील, हे शिकवतं कोण? शिवाय पानं चार. माझा नियम मीच मोडला तर उद्या मोठ्या घरचे दारात उभे. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "एका पोरीच्या गोष्टीले एवढे काऊन भेऊन राहिले तुमी?" मी तिच्यावरच डाफरलो.

शेवटी लाल पेन घेतलं. म्हातारी गेली, पात गेली, सुतळीसकट साहेब गेला. उरलं एक पान: गाव, हुकूम आणि सगळे सुखी. ती सुखाची ओळ तर माझी स्वतःची.

मुलीला बोलावून कागद हातात दिले. तिने चारही पानं उलटून पाहिली. मी म्हणालो, "सगळ्यांना सारखंच पान आहे, बेटा. वाईट तर नाही वाटलं ना?"

"नाही सर," ती म्हणाली आणि वर्गात गेली.

मी शिक्षकांच्या खोलीत येऊन बसलो. चहा समोर आला. मी आत्ता जे बोललो ते कुठेतरी वाचलंय असं सारखं वाटत होतं. मग आठवलं, आणि कानशिलं तापली. साहेबाचं ते वाक्य मी सकाळीच कापलं होतं.

तसाच उठून वर्गात गेलो. ती कोऱ्या पानावर रेघा आखून माझं सुखी गाव उतरवत होती.

"थांब," मी म्हणालो. "पूर्ण लिही. चारही पानं."

"मंग बाकीच्याइले एकच काऊन?"

"ज्याला हवी त्याला मिळतील."

"मंग माहे कायले कापले?"

भ्यालो म्हणून, असं सांगायला हवं होतं. "चुकलं माझं," एवढंच म्हणालो, तेही खिडकीकडे बघत.

सव्वीस जानेवारीला पाहुण्यांनी हस्तलिखित हातात धरून फोटो काढले, चिवडा खाल्ला आणि निघून गेले. एक ओळही कुणी वाचली नाही. ग्रुपवर दिवसभर झेंड्याचेच फोटो. मी दोन दिवस उपाशी राहिलो तो फुकट.

मग मी सावकाश तिची पानं वाचायला बसलो. म्हातारी परत आली होती, पात होती, सुतळी होती, साहेबही होता. फक्त तो आता मुकाट्याने गाठ मारून पुढच्या बाईकडे जात होता. मी तिला बोलावून विचारलं, साहेब बोलत का नाही?

"राहू द्या ना सर," ती म्हणाली. "तुमाले वाईट वाटलं असतं."

लिही, असं मी सांगू शकलो असतो. त्या पानाच्या खाली दोन बोटं जागा होती. मी मान डोलावली आणि तिला वर्गात पाठवलं. हस्तलिखित अजून शाळेच्या कपाटात आहे, आणि ती जागा कोरीच आहे.